दुसऱ्या दिवशीही शाळेत गेलेली मुलं

(अमरावती येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचं सगळं आयुष्य प्राथमिक शाळेच्या चार भिंतींत गेलं. म्हणून आज नेत्यांविषयी बोलायचं नाही, मुलांविषयी बोलायचं, असं मी ठरवून आलो आहे. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचा इतिहास आपण परिषदांच्या तारखांनी सांगतो. कोणती परिषद कुठे भरली, अध्यक्ष कोण होते, ठराव कोणते झाले, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे आणि ते ठेवायलाच हवं होतं. पण या लढ्यात तीन दारं होती: पाणवठ्याचं, देवळाचं आणि शाळेचं. पहिल्या दोन दारांशी मोठी माणसं जाऊन उभी राहू शकत होती. तिसऱ्या दारातून आत जाणं मोठ्यांना शक्यच नव्हतं. ते काम सहा-सात वर्षांच्या पोराला किंवा पोरीलाच करावं लागलं, आणि बहुतेक वेळा एकट्याने. वऱ्हाडात आपण ज्यांना पोट्टे म्हणतो, त्या पोट्ट्यांनी हा लढा रोज सकाळी लढला. त्याची नोंद आपण नीट घेतलेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

जगात दुसरीकडे ही नोंद झाली आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ. अमेरिकेत अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचं शहर आहे. १९६३ साली तिथे काळ्या लोकांना गोऱ्यांच्या शाळेत, उपाहारगृहात, दुकानातल्या कपडे घालून पाहायच्या खोलीतही प्रवेश नव्हता. पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आंदोलन सुरू केलं, पण तुरुंगात जायला माणसं मिळेनात. लोक भित्रे होते असं नाही. ज्याच्या नावाची तुरुंगात नोंद होईल त्याची नोकरी जाणार, घर रिकामं करावं लागणार, हे ठरलेलं होतं. तेव्हा जेम्स बेव्हल या तरुण कार्यकर्त्याने सुचवलं की शाळकरी मुलांना बोलवा. मुलांना कोणी नोकरीवरून काढू शकत नाही. २ मे १९६३ रोजी सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमधून मुलं तुकड्या-तुकड्यांनी गाणी म्हणत बाहेर पडली. पोलिसांनी शेकडोंना पकडलं. पकडलेल्यांत ऑड्री फे हेन्ड्रिक्स नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. ती आठवडाभर कोठडीत राहिली. दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, मुलांवर अग्निशामक दलाचे पाण्याचे फवारे सोडले, कुत्री सोडली. ती छायाचित्रं जगभर छापून आली आणि १० मे रोजी शहराच्या व्यापाऱ्यांना समझोता करावा लागला. शाळा मंडळाने हजाराहून जास्त मुलांना शाळेतून काढून टाकलं, पण वरिष्ठ न्यायालयाने तो हुकूम उडवून लावला.

त्याआधी बारा वर्षं, व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल गावात बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी होती. तिची शाळा जेमतेम दोनशे मुलांसाठी बांधलेली आणि आत साडेचारशे मुलं. जास्तीच्या मुलांसाठी डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्या उभ्या केलेल्या. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना काहीतरी निमित्त काढून शाळेबाहेर पाठवलं गेलं, सभागृहात सगळी मुलं जमवली गेली, आणि ही मुलगी व्यासपीठावर उभी राहिली. शाळेने संप केला. त्या संपातून जो खटला उभा राहिला, तो पुढे ज्या पाच खटल्यांवर १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्यांतला एक होता. निकाल आला, पण तिच्या परगण्याने काळ्या मुलांना आत घेण्यापेक्षा १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. निकालपत्रापेक्षा ही पाच वर्षं मला जास्त शिकवून जातात. हक्क मिळतो त्या दिवशी शाळा उघडलेली असेलच असं नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपण अमेरिकेचं नाव घेतलं की काहींना ते ओढूनताणून आणलेलं वाटतं. तसं ते नाही. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. आणि गुलामगिरीवरून अमेरिकेत जी यादवी झाली, तिच्याशी तर वऱ्हाडाचा थेट, पैशाचा संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतला कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. भाव चढले, पेरा वाढला. भुसावळहून अकोला, बडनेरा करत आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली. मागून जिनिंग आणि प्रेसिंग आले. अकोला, अमरावती, खामगाव, बडनेरा इथल्या जिनांत आणि रेल्वेच्या कामांत गावकुसाबाहेरच्या माणसांना पहिल्यांदा रोख मजुरी मिळू लागली. पाटलाच्या बलुत्यावर जगणाऱ्या माणसाने पोराला शाळेत घातलं तर त्याच्या सुगीच्या वाट्यावर गदा येई. जिनातल्या मजुराला ती भीती थोडी कमी होती. तिकडे काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी लढाई झाली आणि तिच्यामुळे इकडे वाढलेल्या कापसाच्या पैशातून काही महार कुटुंबांना पोरांच्या हाती पाटी देण्याइतकी मोकळीक मिळाली. इतिहासाचे धागे असे लांबवर जातात.

बापाला जे करता येत नाही ते मुलाला करता येतं, हा बर्मिंगहॅमचा हिशेब आपल्याकडेही होता. फक्त आपल्याकडे मुलांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी शाळेत जाऊन बसायचं, एवढंच होतं.

या बसण्याची सुरुवात फार जुनी आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने नाकारला. त्याने वर सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचं म्हणणं असं पडलं की एका मुलासाठी बाकीच्या सगळ्यांना शाळेतून घालवून कसं चालेल? असा प्रवेश मागणारा तो पहिलाच महार मुलगा आहे, हेही सरकारने लिहून ठेवलं. प्रकरण विलायतेपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचं तत्त्व स्पष्टपणे मांडलं. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी हे प्रकरण आपल्या लेखनात आणलं. एका मुलाच्या अर्जामुळे एका साम्राज्याला आपलं धोरण लिहून काढावं लागलं, पण इतिहासात तो मुलगा ओळखला जातो तो केवळ ‘एक महार मुलगा’ म्हणून.

त्याच्या आधी वर्षभर, १८५५ मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती विचारते की वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्मग्रंथ कोणता? ती गरोदर बायांच्या हालांबद्दल लिहिते, उघड्यावर होणाऱ्या बाळंतपणांबद्दल लिहिते. तीन वर्षं शाळेत गेलेली मुलगी! मी हा निबंध मुलांपुढे वाचतो तेव्हा वर्ग एकदम ताठ बसतो. मोठ्यांच्या सभेत असं कधी होत नाही, हेही सांगून टाकतो.

बाबासाहेबांचं बालपण तुम्हाला पाठ आहे. साताऱ्याच्या शाळेत घरून गोणपाट न्यायचं, कोपऱ्यात टाकून बसायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळेचा शिपाईसुद्धा त्याला हात लावणार नाही. शिपाई वरून ओतेल तेव्हाच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलं राहायचं. मला मात्र त्यांनी स्वतः लिहिलेला १९०१ सालचा प्रवास जास्त अस्वस्थ करतो. नऊ वर्षांचा भीम, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं, नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून, वडिलांकडे गोरेगावला निघालेली. मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांचा माणूस आला नाही. स्टेशनमास्तरांनी आधी मायेने विचारपूस केली. जात कळल्यावर चेहरा बदलला. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. डब्यात जेवण होतं. पाणी नव्हतं, आणि रात्रभर कुठेही मिळालं नाही. भरलेला डबा तसाच राहिला. बाबासाहेब पुढे कोलंबियात शिकले, लंडनला शिकले, घटना लिहिली, पण आपल्यावरचा पहिला खोल घाव म्हणून त्यांनी या रात्रीकडे बोट दाखवलं.

यातली एक गोष्ट आपण सहज विसरतो. त्या रात्रीनंतर तो मुलगा साताऱ्याला परतला आणि पुन्हा तेच गोणपाट घेऊन शाळेत गेला. माझं सगळं लक्ष या दुसऱ्या दिवसावर आहे. पहिल्या दिवशी मूल शाळेत जातं ते आईबापांच्या निश्चयाने. बाहेर बसवलं, पाटी जमिनीवर ठेवायला लावली, मास्तरांनी हात लागू नये म्हणून लांबूनच छडी फेकून मारली, हे सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते परत जातं तेव्हा मात्र निश्चय त्याचा स्वतःचा असतो. सहा वर्षांच्या मुलासाठी निश्चय हा शब्द मोठा वाटेल कोणाला. ज्यांनी अशी मुलं पाहिली त्यांना वाटणार नाही.

आपल्या भागात या मुलांची खूण कुठे सापडते? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. अकोला जिल्ह्यातल्या एका जुन्या शाळेत मी असं रजिस्टर पाहिलं. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं उलटताना तुकडे हातात येतील असं. अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. बोरूच्या वळणदार अक्षरात एकामागून एक कुणबी, माळी, तेली, ब्राह्मण, आणि मध्येच कुठेतरी महार. पान उलटायचं, पुन्हा दहा-पंधरा नावं, पुन्हा एखादं. बोट शेवटच्या रकान्यावर न्यायचं: ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी’. पुन्हा तेच. मग एखादं असं येतं ज्याच्या पुढे ‘चौथी पास’ लिहिलेलं असतं, आणि मी तिथे थांबतो. या मुलाने चार वर्षं बाहेरच्या ओसरीवर काढली असतील. पुढे १९५६ नंतरच्या पानांवर जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ असा शब्द येऊ लागतो, आणि नावंही एकेकटी न राहता ओळीने येतात. या लढ्याचा हजेरीपट दुसरीकडे कुठे नाही, तो इथे आहे. आज ही रजिस्टरं कपाटातून बाहेर निघतात ती फक्त जात पडताळणीच्या दाखल्यासाठी. क्लार्क पान शोधतो, झेरॉक्स होते, रजिस्टर परत धुळीत.

हे पोरगं ओसरीवरून वर्गात आलं ते कसं, याचं श्रेय अनेकांना आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मिशनचं काम अकोला-अमरावतीपर्यंत आलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पस्तीस वर्षं आधी. हे आपण जगाला सांगायला हवं. इथे अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला, गणेश आकाजी गवई पुढे झाले, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली या शहरात परिषद भरली. डॉ. पंजाबराव देशमुख त्या बाजूने उभे राहिले. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या, आणि सर्व जातींची पोरं एका छपराखाली राहतील, एका पंगतीला जेवतील असं श्रद्धानंद छात्रालय चालवलं. एका पंगतीला बसणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे आज मेसच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला समजावून सांगावं लागतं. आणि शेंडगावचे आपले गाडगेबाबा! स्वतः शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कीर्तनात समोरच्याला विचारून विचारून कबूल करून घ्यायचे की भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शिकव. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या संस्थेच्या स्वाधीन केली.

मुलींचं वेगळं सांगितलं पाहिजे. मुलीला घरातून निघण्यापासूनच लढावं लागे. नागपूरच्या कौसल्या बैसंत्री यांची आई एम्प्रेस मिलमध्ये राबायची आणि पोरींना शिकवायचीच असा तिचा हट्ट होता. तो सगळा काळ त्यांनी ‘दोहरा अभिशाप’ या हिंदी आत्मकथेत मांडला आहे. कुमुद पावडे लहानपणी एका मुंजीच्या मांडवाबाहेर मंत्र ऐकत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना हाकलून दिलं गेलं. त्यांनी संस्कृतच शिकायला घेतलं, आणि गोखले गुरुजी नावाच्या शिक्षकांनी कसलाही भेद न करता त्यांना शिकवलं. पुढे त्या संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या अध्यक्ष आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. व्यासपीठावर उभी राहिलेली ही पिढी आभाळातून पडली नव्हती. याच बाया कधीतरी पाटी घेऊन ओसरीवर बसलेल्या पोरी होत्या.

आता एका अवघड प्रश्नाला भिडलं पाहिजे. मुलांना लढ्यात उतरवावं का? बर्मिंगहॅमच्या वेळी माल्कम एक्स यांनी किंग यांच्यावर कडक टीका केली होती की मर्द माणसं पोरांना गोळीच्या तोंडी देत नाहीत. किंग स्वतः आधी कचरत होते. आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, मुलं जिथून निघाली होती त्याच चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला. त्यात चार मुली गेल्या: अ‍ॅडी मे कॉलिन्स, कॅरल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली या चौदा वर्षांच्या, आणि डेनिस मॅकनेर अकरा वर्षांची. रविवारची प्रार्थना व्हायची होती. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोला १६ जून १९७६ रोजी, लादलेल्या भाषेविरुद्ध निघालेल्या शाळकरी पोरांवर गोळ्या चालल्या, आणि बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून धावणाऱ्या मुलाचं छायाचित्र जगाने पाहिलं.

आपले हात यातून मोकळे नाहीत. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. तो आपल्या वऱ्हाडातून गेला, खडकपूर्णा नदीवर अडवला गेला, माणसांना लाठ्या पडल्या. त्या आंदोलनाच्या काळात नागपुरात झालेल्या गोळीबारात अविनाश डोंगरे हा कोवळा मुलगा गेला. विद्यापीठाला नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ रोजी. एका पोराच्या आयुष्यापेक्षा जास्त वर्षं एका पाटीवर दोन शब्द वाढवायला लागली, आणि विद्यापीठ म्हणजे अशाच पोरांनी उद्या जिथे जायचं ती जागा.

तरीही मुलांना यात ओढायला नको होतं, असं मला म्हणता येत नाही. कारण मुलं लढ्यात नव्हती आणि आपण त्यांना आणलं, असं झालेलंच नाही. घाव आधी त्यांच्यावरच पडत होता. बापाला पाणवठ्यावर अपमान सोसावा लागे, पण तिथून तो मान खाली घालून घरी येऊ शकत होता. मुलाला तहान लागलेली असताना घंटा होईपर्यंत तिथेच बसायचं असे. मुलाला शाळेबाहेर ठेवून त्याला वाचवता येत नव्हतं. आईबापांनी हे ओळखलं आणि काळजावर दगड ठेवून त्याला पाठवलं. सत्याग्रहात मुलं आली तीही अशीच. महाडला मार्च १९२७ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसं खांद्यावर भाकऱ्या बांधून मैलोन्‌मैल चालत आली, असं धनंजय कीरांनी लिहिलं आहे. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात बाया कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. मुलाला ठेवणार कोणाजवळ? सगळी वस्तीच निघालेली. मोठ्यांनी फक्त एक गोष्ट द्यायची होती: मूल पोळून घरी आलं तर त्याला कुशीत घेणं आणि त्याची बाजू घेणं. जिथे ती मिळाली तिथे ‘चौथी पास’ आलं. मिळाली नाही तिथे ‘नाव कमी’ आलं.

आणि वर्गातली बाकीची मुलं? त्यांच्याविषयी आपण बोलत नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव फळ्याजवळ गणित सोडवायला निघाले तेव्हा वर्गातल्या मुलांनी फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला धाव घेतली. ती मुलं दुष्ट नव्हती, घरी जे शिकली तेच केलं. न्यू ऑर्लिन्समध्ये १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस गोऱ्यांच्या शाळेत गेली तेव्हा पालकांनी आपापली मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री नावाच्या एका शिक्षिकेने तिला वर्षभर रिकाम्या वर्गात एकटीला शिकवलं. तिच्या बापाची नोकरी गेली, दूर मिसिसिपीत आजी-आजोबांना कसायला घेतलेल्या जमिनीवरून हुसकावलं गेलं. हे ऐकताना आपल्या गावातला बहिष्कार आठवत नाही, असा माणूस या सभागृहात नसेल.

रिकाम्या वर्गाची ही गोष्ट मला आजच्या वऱ्हाडाकडे आणते. ती मुलं ज्या शाळांच्या दारातून आत गेली, त्या शाळांतून काय घडलं ते डोळ्यांसमोर आहे. इथे अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. पण आज कितीतरी गावांत सकाळी काय दिसतं? तालुक्याच्या कॉन्व्हेंटची व्हॅन येते, ज्यांना फी परवडते त्यांची पोरं टाय लावून चढतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती वस्तीतली, मजुरांची, पारध्यांची पोरं. कोणी कोणाला बाहेर बसवलेलं नाही. तरी एका गावची मुलं एका वर्गात बसत नाहीत. शाहू महाराजांनी हुकूम काढून जे मोडलं ते आपण फी भरून पुन्हा उभं केलं आहे. वर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचं सरकारने काढलं. पट कमी का झाला, याचं उत्तर गावाने द्यायचं आहे. पण दोन-तीन किलोमीटर चालत जायचं ते सातवीतल्या पोरीने. ती किती दिवस जाईल आणि कोणत्या दिवशी आई तिला घरी ठेवून घेईल, हे मला विचारू नका, तुम्हाला माहीत आहे.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या, कालपर्यंत सिग्नलवर आणि रेल्वेत भीक मागणाऱ्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांत पारधी होते. कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावाची नजर गेली नाही. त्या शाळेचा काही भाग समृद्धी महामार्गात गेला. तिथली पोरं आज शाळेत येतात ती धारवाडच्या त्या मुलाइतकीच पहिली आहेत. बहुतेकांच्या घराण्यात त्यांच्याआधी कोणी शाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही. जी गोष्ट १८५६ सालची म्हणून मी सांगितली, ती इथून तासाभराच्या वाटेवर चालू आहे.

सभागृहात मुख्याध्यापक बरेच आहेत, म्हणून त्यांच्यापुढे एक काम ठेवतो. जून उजाडायच्या आत आपापल्या शाळेचं सर्वांत जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढा. त्याची नीट छायाचित्रं घ्या. कागद आणखी दहा पावसाळे टिकणार नाही. आपल्या शाळेत आलेलं वस्तीतलं पहिलं मूल कोणतं, पहिली मुलगी कोणती, हे शोधा. त्यांच्यापैकी कोणी, त्यांचे धाकटे भाऊ, बहिणी, गावात किंवा पुण्या-मुंबईला मुलाकडे असतील, आज नव्वदीला टेकलेले. त्यांच्याकडे सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन जा. प्रश्न मुलांनाच विचारू द्या: आजी, तुम्ही कुठे बसायचात? पाणी कोण द्यायचं? शेजारी पहिल्यांदा कोण येऊन बसलं, त्याचं नाव काय? आणि जे सांगतील ते वऱ्हाडीत सांगितलं तसंच वऱ्हाडीत लिहून घ्या, सुधारू नका. ते शाळेच्या भिंतीवर लावा, जिथे पास झालेल्यांची नावं लावतो तिथेच. यासाठी अनुदान लागत नाही, परिपत्रक लागत नाही. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या दोन-चार शाळांनी जरी येत्या सत्रात हे केलं, तरी पुढच्या वर्षी या व्यासपीठावर वक्ता म्हणून मला बोलावू नका. त्या मुलांना बोलवा.